चालवून न पाहता कळणारा कोड

२००९ साली रायन डाल यांनी नोड लोकांसमोर मांडला, तेव्हा एका फाइलमधला कोड दुसऱ्या फाइलमध्ये वापरण्याची अधिकृत सोयच जावास्क्रिप्टमध्ये नव्हती. ब्राउझरमध्ये एकामागून एक स्क्रिप्ट टॅग लावायचे आणि सगळ्यांनी एकाच ग्लोबल जागेत नांदायचे, हीच रीत होती. सर्व्हरवर तेवढ्याने भागणारे नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत केविन डँगूर यांच्या पुढाकाराने सर्व्हरजेएस नावाचा प्रयत्न सुरू झाला होता. ऑगस्टमध्ये त्याचे नाव कॉमनजेएस झाले आणि नोडने ती पद्धत स्वीकारली. हवी ती फाइल ‘रिक्वायर’ने आणायची आणि आपल्याकडचे ‘मॉड्यूल डॉट एक्स्पोर्ट्स’मधून द्यायचे, एवढा सोपा मामला. २०१० मध्ये आलेले एनपीएम त्याच पायावर उभे राहिले. भाषेची स्वतःची मॉड्यूल व्यवस्था, म्हणजे ‘इम्पोर्ट’ आणि ‘एक्स्पोर्ट’, प्रमाणित व्हायला जून २०१५ उजाडला. तोवर जुन्या पद्धतीने प्रचंड कोड लिहून झाला होता आणि त्यातला बराचसा आजही प्रॉडक्शनमध्ये बिनबोभाट चालू आहे. तो नव्या व्यवस्थेत न्यावा का, आणि न्यायचा तर कसा, हा प्रश्न अनेक टीम वर्षानुवर्षे पुढे ढकलत आल्या आहेत. माझे म्हणणे असे की न्यावा. पण त्यासाठी सहसा दिली जाणारी कारणे चुकीची आहेत, आणि कारण चुकीचे धरल्यामुळेच पद्धतही चुकते.

सहसा दिले जाणारे कारण म्हणजे ‘आता सगळे जग तिकडे गेले आहे’. खरे कारण दोन्ही व्यवस्थांच्या घडणीत आहे. कॉमनजेएसमध्ये रिक्वायर हे एक साधे फंक्शन आहे. ते ‘इफ’च्या आत बोलावता येते, लूपमध्ये बोलावता येते, आणि फाइलचा पत्ता ऐन वेळी जोडून तयार करून त्याला देता येतो. सिक्वलाइझच्या कमांड लाइन साधनाने तयार होणारी मॉडेल्स फोल्डरमधली इंडेक्स फाइल पाहावी. ती स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइल्सची यादी डिस्कवरून वाचते आणि सापडेल ती प्रत्येक फाइल रिक्वायर करते. सोय मोठी आहे: नवे मॉडेल लिहायचे, फाइल फोल्डरमध्ये टाकायची, काम झाले. पण हा कोड कशाकशावर अवलंबून आहे हे तो वाचून कळत नाही. ते उत्तर त्या क्षणी डिस्कवर काय पडले आहे यावर ठरते. नव्या व्यवस्थेतले इम्पोर्ट हे फंक्शन नाही, ते विधान आहे. ते फाइलच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवरच लिहावे लागते आणि त्यातला पत्ता अक्षरशः लिहिलेला असावा लागतो. कोडची एकही ओळ चालण्याआधी इंजिन ही सगळी विधाने वाचते, कोण कोणावर अवलंबून आहे याचा पूर्ण आराखडा जुळवते आणि मगच काम सुरू करते. अडल्या वेळी ऐन वेळचा पत्ता वापरता यावा म्हणून फंक्शनसारखे दिसणारे इम्पोर्टही दिलेले आहे. पण तो अपवाद आहे आणि वाचणाऱ्याला तो अपवाद म्हणून उठून दिसतो.

या फरकाचा परिणाम रोजच्या कामात उतरतो. समजा, एका फाइलने ‘गेटयूझर’ नावाचे फंक्शन बाहेर दिले आहे आणि दुसऱ्या फाइलने ते मागताना स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकवले. जुन्या व्यवस्थेत काहीच अडत नाही. चुकलेल्या नावाला ‘अनडिफाइन्ड’ मिळते, सर्व्हर सुरू होतो, आणि एखाद्या ग्राहकाची विनंती नेमकी त्या ओळीवर पोचली की ‘हे फंक्शन नाही’ अशी त्रुटी येते. ती ओळ क्वचित लागणाऱ्या वाटेवर असेल, उदाहरणार्थ पेमेंट परत करण्याच्या कोडमध्ये, तर चूक कित्येक दिवस झाकलेली राहते. दोन्ही फाइल्स नव्या व्यवस्थेत असतील तर हेच प्रोग्राम सुरू होण्याआधीच अडते. असे नाव त्या मॉड्यूलमध्ये नाही, असे इंजिन स्पष्ट सांगते. दोन फाइल्स एकमेकींवर अवलंबून असल्या, म्हणजे चक्र तयार झाले, की तिथेही असाच फरक दिसतो. कॉमनजेएस अशा वेळी अर्धवट भरलेली वस्तू हातात देतो आणि काम तसेच पुढे चालू ठेवतो. नव्या व्यवस्थेत अजून तयार न झालेल्या ‘कॉन्स्ट’ला हात लावला तर तिथल्या तिथे त्रुटी येते. शिवाय नव्या मॉड्यूलमध्ये स्ट्रिक्ट मोड कायम चालू असतो. लूपमधला ‘आय’ घोषित करायचा राहिला तर जुना ढिला मोड चुपचाप एक ग्लोबल तयार करी. एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर असा सामायिक ‘आय’ म्हणजे चुकीच्या आकड्यांना आमंत्रण असते. आता ती ओळ चालताच थांबवली जाते. या तिन्ही उदाहरणांत समान धागा एकच आहे: जे आधी गृहीत होते ते आता लिहून द्यावे लागते, आणि जे लिहिलेले नाही ते खपवून घेतले जात नाही. खुद्द डाल यांनी २०१८ मध्ये नोडबद्दलच्या आपल्या खंतींची यादी जाहीर भाषणात मांडली. फाइलचे एक्स्टेन्शन न लिहिता रिक्वायर करू देणे आणि इंडेक्स फाइलची आपोआप निवड करणे, या दोन्ही गोष्टी त्या यादीत होत्या. कारण तेच: आधी सोय वाटली, नंतर संदिग्धता गळ्यात पडली.

इतके फायदे असताना स्थलांतराचे नाव काढताच अनुभवी डेव्हलपरच्या कपाळाला आठ्या का पडतात? त्याचे उत्तर मधल्या काही वर्षांच्या इतिहासात आहे. ब्राउझरनी नवी मॉड्यूल २०१७ आणि २०१८ मध्ये स्वीकारली. नोडमध्ये ती सप्टेंबर २०१७ मध्ये ८.५ या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली. वेगळा फ्लॅग न लावता वापरता यायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला, आणि तीही एकतर्फी अटीवर. नवे मॉड्यूल जुन्याला इम्पोर्ट करू शके, पण जुन्या कोडला नवे मॉड्यूल रिक्वायर करता येत नसे. हा एकतर्फीपणा वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात सगळा त्रास त्यातून निघाला. एखाद्या लायब्ररीने फक्त नव्या व्यवस्थेत यायचे ठरवले की तिला रिक्वायर करणारा प्रत्येक प्रकल्प एका झटक्यात बंद पडे. २०२१ मध्ये नोड १० चा आधार संपला आणि नेमके तेच झाले. चॉकची पाचवी, नोड-फेचची तिसरी आणि गॉटची बारावी आवृत्ती फक्त नव्या व्यवस्थेत आली. असंख्य टीमनी काय केले? त्या चॉकच्या चौथ्या आणि नोड-फेचच्या दुसऱ्या आवृत्तीवर खिळून बसल्या. पायथनने हेच मोठ्या प्रमाणावर भोगले होते. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आला आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. एका प्रोग्राममध्ये दोन्ही आवृत्त्यांचा कोड एकत्र नांदू शकत नव्हता आणि ज्याच्या त्याच्या लायब्ऱ्या तयार व्हायची वाट पाहण्यात अकरा वर्षे गेली. सगळे एकदम, नाहीतर काहीच नाही, अशी अट घातली की लोक ‘काहीच नाही’ निवडतात. त्यात लोकांचा आळस नसतो; अटच तशी असते.

ही कोंडी २०२४ मध्ये फुटली. नवे मॉड्यूल रिक्वायर करता येणार नाही, कारण ते असिंक्रोनस पद्धतीने लोड होते, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. जॉयी चेउंग यांनी नोडमध्ये केलेल्या कामाने दाखवून दिले की हे पूर्ण खरे नाही. मॉड्यूलच्या बाहेरच्या पातळीवर ‘अवेट’ असेल तरच थांबावे लागते. ज्या साखळीत असे अवेट नाही, ती प्रमाणानुसारही सरळ, एका दमात चालते. मग तिला रिक्वायर का करू नये? एप्रिल २०२४ मधल्या नोड २२ मध्ये ही सोय फ्लॅगमागे आली. ऑक्टोबरमध्ये नोड २३ मध्ये आणि डिसेंबरमध्ये २२.१२ या आवृत्तीत ती आपोआप चालू झाली. पुढे २०.१९ मध्येही ती मिळाली. बाहेरच्या पातळीवर अवेट असलेले मॉड्यूल आजही रिक्वायर करता येत नाही. तशी स्पष्ट त्रुटी येते. पण एरवी दोन्ही बाजूंची वाट मोकळी झाली. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिने सक्ती संपवली. नव्या लायब्ररीसाठी स्वतःचा कोड बदलणे आता भाग नाही. आणि सक्तीचे कारण गेले की खरे कारण आहे की नाही, हे नीट तपासता येते.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो आणि तो वजनदार आहे: सक्ती नसेल, तर चालत्या प्रणालीला हात कशाला लावा? कॉमनजेएस बंद करण्याचा नोडचा कोणताही बेत नाही, मग ही उठाठेव कोणासाठी? कोडचा खर्च तो चालवण्यात असतो असे मानले, तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण जुन्या प्रणालीचा मोठा खर्च ती समजून घेण्यात असतो. पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत हे रोज घडते. परदेशी ग्राहकाची दहा वर्षांपूर्वीची प्रणाली सांभाळायला येते, मूळ लिहिणारे केव्हाच पांगलेले असतात, कागदपत्रे तुटपुंजी असतात आणि दोन वर्षांनी सांभाळणारी माणसेही बदलतात. नव्याने आलेल्या मुलीपुढचा पहिला प्रश्न असतो, ‘ही फाइल बदलली तर काय काय हलेल?’ रिक्वायर कुठेही आणि कसेही लिहिलेले असेल तर याचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नसते. मग माणसे बदल टाळतात, जुन्या फंक्शनशेजारी नवे लिहितात आणि जुने भीतीपोटी तसेच ठेवतात. इम्पोर्ट विधानांत लिहिलेला कोड असेल तर एडिटर तेच उत्तर क्षणात आणि भरवशाने देतो, न वापरलेला कोड शोधता येतो आणि तो धीराने काढून टाकता येतो. स्थलांतराचा हिशेब इथे मांडायला हवा. यंत्राच्या वेगात त्यातून फार काही मिळत नाही. माणसाच्या समजुतीत मिळते.

दुसरा आक्षेप असा: आम्ही तर कधीपासून इम्पोर्टच लिहितो, कारण आमचा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये आहे किंवा बेबलमधून जातो. यातला पेच असा आहे की अशा अनेक प्रकल्पांत लिहिलेले इम्पोर्ट चालण्याआधी रिक्वायरमध्ये बदलले जाते. लिहिताना नवी व्यवस्था आणि चालताना जुनी. टाइप तपासणीचा फायदा इथे मिळतो, हे मान्य करायला हवे. पण इंजिनचे नियम जुनेच राहतात आणि लिहिलेले व चालणारे यांच्यातली फट अवचित उघडी पडते. ‘डिफॉल्ट’च्या आत पुन्हा ‘डिफॉल्ट’ शोधावा लागणे हे त्या फटीचे ठरलेले लक्षण आहे. नोडचे खरे नियम तपासणारी सेटिंग टाइपस्क्रिप्टमध्ये मे २०२२ च्या ४.७ या आवृत्तीपासून आहे. ती लावली की पत्त्यात एक्स्टेन्शन नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडतो. हा पाऊस त्रासाचा वाटला तरी उपयोगाचा आहे. आजवर साधनाने परस्पर भरून काढलेल्या गाळलेल्या जागा तो दाखवून देतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो: एवढा विचार कशाला, रूपांतर करणारी साधने आहेत, एका दुपारचे काम आहे. ही घाई कुठे नेते ते एका नेहमीच्या फाइलवरून पाहू. जुन्या सर्व्हरच्या मुख्य फाइलची पहिली ओळ असते डॉटएन्व्हला रिक्वायर करून त्याचे ‘कॉन्फिग’ बोलावणारी. गुप्त किल्ल्या आणि डेटाबेसचा पत्ता ती एन्व्हायर्नमेंटमध्ये भरते. दुसरी ओळ डेटाबेसची फाइल रिक्वायर करते, आणि ती फाइल लोड होतानाच एन्व्हायर्नमेंटमधून पत्ता वाचते. ओळी वरून खाली चालतात म्हणून हे जमते. साधनाने दोन्ही ओळींचे इम्पोर्ट केले आणि कॉन्फिग बोलावणे त्यांच्या मध्ये ठेवले. डोळ्यांना क्रम तोच दिसतो. पण नव्या व्यवस्थेत फाइलचा स्वतःचा कोड चालू होण्याआधी तिची सगळी इम्पोर्ट पूर्ण होतात. म्हणजे डेटाबेसची फाइल आधी चालते आणि कॉन्फिग नंतर. पत्ता रिकामा मिळतो. त्यातच ‘पत्ता नसेल तर लोकलहोस्ट धरा’ अशी सोय कोणी करून ठेवलेली असेल तर त्रुटीही लगेच येत नाही; सर्व्हर भलत्याच डेटाबेसचे दार ठोठावत बसतो. यावर उपाय सोपे आहेत. डॉटएन्व्हचे कॉन्फिग मॉड्यूल सर्वांत आधी इम्पोर्ट करावे, किंवा नोड २०.६ पासून मिळणाऱ्या फ्लॅगने एन्व्ह फाइल थेट नोडलाच द्यावी. पण साधनाला हा उपाय सुचणार नाही, कारण दुसरी ओळ पहिलीवर अवलंबून आहे हे कुठेही लिहिलेलेच नव्हते. ते फक्त ओळींच्या क्रमात दडले होते. स्थलांतराचे खरे काम म्हणजे असे दडलेले संबंध शोधून उघड करणे. रिक्वायर खोडून इम्पोर्ट लिहिणे हा त्या कामाचा सर्वांत हलका भाग आहे.

चौथा आक्षेप टेस्टचा आणि देखरेखीचा आहे, आणि तो सर्वांत व्यवहारी आहे. जुन्या टेस्टमध्ये एखादे मॉड्यूल परस्पर बदलून त्याजागी नकली ठेवण्याची पद्धत सर्रास असते. रिक्वायरच्या कॅशमध्ये हात घालून ते करता येत असे. नव्या व्यवस्थेत ती कॅश हाताशी नाही आणि जेस्टचा या व्यवस्थेला असलेला आधार प्रायोगिक पातळीवरच राहिला आहे. देखरेखीची अनेक साधनेही रिक्वायर अडवूनच कोडमध्ये शिरतात. इम्पोर्टसाठी त्यांना वेगळी हुक लागते आणि ती प्रोग्राम सुरू होण्याआधी नोडच्या फ्लॅगने जोडावी लागते. ते राहिले तर त्रुटी येत नाही, फक्त आलेख रिकामे होतात, आणि हे जास्त धोक्याचे आहे. म्हणून या आक्षेपाला माझे उत्तर नकाराचे नाही, क्रमाचे आहे: देखरेख आधी तपासा, कोड नंतर बदला. टेस्टबाबत मात्र थोडे पुढे जाऊन म्हणायला हवे. फंक्शनला लागणारा डेटाबेस त्याला पॅरामीटर म्हणून दिला, तर टेस्टमध्ये नकली डेटाबेस देणे सोपे होते आणि मॉड्यूल व्यवस्थेच्या पोटात शिरण्याची गरजच उरत नाही. मागच्या दाराने बदल केल्याशिवाय ज्या कोडची टेस्ट होत नाही, त्या कोडचे अवलंबन आधीपासूनच झाकलेले असते. स्थलांतर ती अडचण निर्माण करत नाही, उघडी करते.

मग काम कोणत्या क्रमाने करावे? २०२४ पूर्वी क्रम परिस्थितीने ठरवून टाकला होता. जुना कोड नव्याला रिक्वायर करू शकत नसल्यामुळे मुख्य फाइल आधी बदलावी लागे, म्हणजे सर्वांत जोखमीची जागा सर्वांत आधी. आता तो क्रम उलटा करता येतो आणि करावा. आधी नोडची आवृत्ती वाढवावी, निदान २२.१२ पर्यंत, आणि त्या पायरीवर कोडला हात लावू नये. मग ज्या फाइल्स स्वतः दुसऱ्या कोणावर अवलंबून नाहीत, म्हणजे तारखा, रकमा, तपासण्या यांची लहानसहान फंक्शने, त्यांपासून सुरुवात करावी. फाइलला ‘एमजेएस’ हे एक्स्टेन्शन द्यावे, किंवा त्या फोल्डरपुरती वेगळी पॅकेज फाइल ठेवून तिथे प्रकार मॉड्यूल असल्याचे लिहावे. बाहेर देताना नावानिशी एक्स्पोर्ट करावे. जुना कोड जेव्हा नवे मॉड्यूल रिक्वायर करतो तेव्हा त्याला सगळ्या नावांची वस्तू मिळते आणि डिफॉल्ट एक्स्पोर्ट तिच्या आत ‘डिफॉल्ट’ या नावाखाली जाऊन बसतो. नावानिशी दिलेले मात्र जुन्या ओळींना जसेच्या तसे सापडते. फोल्डर वाचून फाइल्स गोळा करणाऱ्या जागी हाताने लिहिलेली यादी ठेवावी. ती चार ओळींनी लांब होईल, पण वाचणाऱ्याला उत्तर देईल. स्वतःच्या फोल्डरचा पत्ता देणारे ‘डिरनेम’ नव्या व्यवस्थेत तसे मिळत नाही, नोड २०.११ पासून ते ‘इम्पोर्ट डॉट मेटा’मधून मिळते. जिथे काहीच जमत नाही तिथे ‘क्रिएटरिक्वायर’ वापरून जुने रिक्वायर ठेवावे आणि का ठेवले ते कॉमेंटमध्ये लिहावे. अशा प्रत्येक टप्प्यानंतर डिप्लॉय करता यायला हवे. मुख्य फाइल सर्वांत शेवटी.

काही ठिकाणी स्थलांतर करूच नये, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जी प्रणाली वर्षभरात निवृत्त होणार आहे, जिच्या कोडला कोणी हात लावत नाही आणि लावायची गरजही नाही, किंवा जिला एकही टेस्ट नाही, तिथे हे श्रम दुसरीकडे लावलेले बरे. शेवटच्या बाबतीत तर आधी टेस्ट लिहाव्यात, बाकी सगळे नंतर. ज्या युक्तिवादाने मी स्थलांतराची बाजू घेतो, त्याच युक्तिवादाने हे अपवाद येतात. लाभ वाचणाऱ्याला होत असेल, तर जिथे वाचणारा नाही तिथे लाभही नाही.

मात्र जी प्रणाली अजून पाच-सात वर्षे चालणार आहे, जिच्यात दर महिन्याला बदल होतात आणि जिच्यावर नव्या माणसांना काम करायचे आहे, तिच्याबाबत टाळाटाळीला आता सबब उरलेली नाही. दोन्ही व्यवस्था एकत्र नांदू शकतात, काम तुकड्यातुकड्याने होऊ शकते आणि कोणीही तारीख डोक्यावर लटकवलेली नाही. म्हणूनच प्रगती मोजण्याचे मापही बदलायला हवे. किती फाइल्स बदलल्या हा आकडा मॅनेजरला दाखवायला बरा, पण तो फसवा आहे. क्रमात दडलेले संबंध, डिस्क वाचून ठरणारी अवलंबने आणि मागच्या दाराच्या टेस्ट तशाच ठेवून सगळ्या फाइल्स बदलता येतात, आणि त्या टीमच्या हाती नव्या अक्षरांत लिहिलेला जुनाच गोंधळ उरतो. खरा प्रश्न हा विचारावा: काल रुजू झालेल्या डेव्हलपरला, सर्व्हर न चालवता आणि कोणा जुन्या माणसाला न विचारता, एका फाइलमधल्या बदलाचा परिणाम कुठवर पोचेल हे सांगता येते का? येत असेल तर दहा फाइल्स जुन्या राहिल्या तरी काम साधले आहे. येत नसेल तर शेवटचे रिक्वायर खोडूनही ते बाकीच आहे.